अलमेलूचा डावा गुडघा

अलमेलू मधूनच एखाद्या सकाळी दारात कोलम घालत नाही, हा बग माझ्या गळ्यात पडला तेव्हा मी देवेशला तोंडावर विचारलं, माझ्याकडे आधीची कामं काय थोडी आहेत? देवेश आमच्या कंपनीचा मालक. त्याला कुणी तोंडावर बोललं की तो गोड हसतो आणि तेच काम पुन्हा सांगतो. त्याने तेच केलं.

अलमेलू म्हणजे आमच्या गेममधली म्हातारी. गेम अगदी साधा. तुम्ही तंजावरच्या एका गल्लीत भाड्याने राहायला येता, समोरच्या घरात अलमेलू राहते, आणि तिच्याशी हळूहळू ओळख वाढवायची. मारामारी नाही, पळापळ नाही. अलमेलू सकाळी दारात पाणी शिंपडते, तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, घालते, कॉफी करते, डाळ निवडते, दुपारी भिंतीला टेकून बसते. ती बोलत नाही, पण तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं. देवेश सगळ्यांना सांगायचा की तिला कुणी काही शिकवलेलं नाही. तिला एक मशीन चालवतं आणि ते मशीन आपलं आपण शिकलंय. हे बघायला शुक्रवारी सिंगापूरची एक कंपनी येणार होती. त्यांनी गेम घेतला तर तो जगभर जाणार होता. नाही घेतला तर चेन्नईच्या नुंगंबाक्कममधला आमचा मजला रिकामा होणार, हे आम्हाला सगळ्यांना न सांगता कळलेलं होतं.

माझं काम वॉचवर बसायचं. चालू गेममध्ये प्रत्येक वस्तूच्या प्रॉपर्टी असतात. दार उघडं आहे की बंद, तांब्यात पाणी किती, अलमेलूचं तोंड कुठल्या दिशेला, तिचा हात जमिनीपासून किती उंच. वॉच ही एक खिडकी. तिच्यात ज्या वस्तूवर नजर ठेवायची ती डकवायची, की तिच्या सगळ्या व्हॅल्यू गेम चालू असताना डोळ्यांसमोर बदलत राहतात. हवं तर तिथल्या तिथे बदलूनही बघता येतात. मात्र गेम थांबवला की बदललेलं सगळं पुसलं जातं आणि प्रत्येक वस्तू पहिल्या जागी, पहिल्यासारखी उभी राहते.

अलमेलू माझ्या वॉचमध्ये पहिल्यापासून डकवलेली होती. हात, बोटं, मान, पाठ, दोन्ही गुडघे. आता तिच्या जोडीला मी उंबऱ्याची एक प्रॉपर्टी डकवली, कोलम: आहे किंवा नाही. अलमेलूच्या हाताने कोलम पुरा झाला की तिथे आपोआप 'आहे' व्हायचं. महिन्यातून एखाद्या दिवशी ते दिवसभर 'नाही'च राहायचं. चार-पाच वेळा झालं होतं. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईला आले. नवरा शेषाद्री तंजावरी मराठी, म्हणजे यांचे पूर्वज राजेलोकांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरी आम्ही तिघं, मी, शेषाद्री आणि सासूबाई. त्यांचं नाव महालक्ष्मी, शेषाद्री त्यांना अम्मा म्हणतो म्हणून मीही अम्माच म्हणते. त्यांचं मराठी आणि माझं मराठी समोरासमोर आलं की दोघी शेवटी हातवाऱ्यांवर येतो. खरं सांगायचं तर मी हातवाऱ्यांपर्यंतसुद्धा फारशी जायचे नाही. सकाळी डबा उचलायचा, मांबळम स्टेशन गाठायचं, ऑफिस. संध्याकाळी जेवण, फोन, झोप. त्यांची एक सवय मात्र मला पाठ होती, कारण ती माझ्यासाठीच राखून ठेवलेली होती. मी कांद्याची सालं भलत्या डब्यात टाकली किंवा दूध उघडं ठेवलं की त्या बोलायच्या नाहीत. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी ओट्यावर दोनदा टकटक करायच्या आणि तळहात वर फिरवायच्या. काय करावं या मुलीचं, असा त्याचा अर्थ. त्या टकटकीने माझं डोकं उठायचं.

सासरे गेल्यापासून त्या भिंतीला टेकून बसून असायच्या. मग एकाएकी त्यांनी तांबरमला भजनाला जायला सुरुवात केली. रोज. मी उत्तरेकडची गाडी पकडायची, त्या माझ्यानंतर तासाभराने त्याच स्टेशनवरून दक्षिणेकडची. रोज कसलं भजन असतं, असं मी शेषाद्रीला एकदा विचारलं. तो म्हणाला, जाऊ दे, निदान घराबाहेर तरी पडतेय. मीही जाऊ दिलं.

या बगसाठी दोन-तीन दिवस वॉच नीट निरखल्यावर मला पहिली गोष्ट दिसली ती अलमेलूचा डावा गुडघा. तो पूर्ण वाकतच नव्हता. उजवा व्यवस्थित दुमडायचा, डावा अर्ध्यावर थांबायचा, आणि उठताना ती डाव्या गुडघ्यावर तळहात टेकवून उठायची. मी कोड उघडून बघितलं. गुडघा दुखतो असं कुणीही कुठे लिहिलेलं नव्हतं. मशीन शिकलं असेल, मी मनाशी म्हटलं. म्हाताऱ्या बायकांचे गुडघे दुखतातच.

गुरुवारी दुपारी मात्र भलतंच काही दिसलं. अलमेलू डाळ निवडत होती. निवडता निवडता तिने मान वळवली, रिकाम्या भिंतीकडे बघून होकारार्थी हलवली, हात पुढे केला, हवेतलं काहीतरी धरलं, तोंडाला लावलं आणि खाली ठेवलं. गेममध्ये तिथे काहीही नव्हतं. ना माणूस, ना भांडं. मग तिने ओठ पुसले आणि पुन्हा डाळ निवडायला लागली. वॉचमध्ये सगळे आकडे नीट दिसत होते. कुणीतरी हाक मारली होती, कुणीतरी पेला दिला होता, आणि ती कॉफी प्यायली होती.

मशीन कॉफी पीत नाही. मी व्हॅल्यू येतात कुठून हे शोधायला घेतलं. इतके दिवस ते बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण देवेशने सांगितलेलं आम्ही सगळ्यांनी खरं धरलं होतं. दार, तांब्या, चूल यांच्या व्हॅल्यू गेमच्या आतून येत होत्या. अलमेलूची एकूण एक व्हॅल्यू बाहेरून येत होती. नेटवरून, चालू, त्याच क्षणाला. आणि ज्या कनेक्शनवरून येत होती ते आमच्या टीम लीडच्या, वादिराजच्या नावावर होतं. त्याचं घर तांबरमला.

मी वादिराजला उठवून छोट्या खोलीत नेलं आणि दार लावलं. तोही तंजावरी मराठीच, वयाने माझ्याहून बराच मोठा, स्वभावाने इतका मऊ की त्याच्यावर चिडलं तर आपल्यालाच वाईट वाटावं. मी तरी चिडले. त्याने एक शब्दही लपवला नाही. मशीन होतं, पण ते कधी शिकलंच नाही. त्याची अलमेलू कोलम घालताना पिठात तोंडावर पडायची. देवेश रडकुंडीला आला होता. मग वादिराजने घराच्या माडीवर कॅमेरे लावले आणि ओळखीच्या एका वयस्कर बाईंना बसवलं. डोळ्यांवर गॉगल, त्यात त्यांना अलमेलूचं घर दिसतं, आणि त्यांचे हातपाय हलतील तसे इकडे अलमेलूचे हलतात. चार दिवस असं निभवायचं, तोवर मशीन शिकेल, असं ठरलं होतं. चार दिवसांचे किती महिने झाले ते त्यालाही सांगता येईना.

"आणि उद्या सिंगापूरवाल्यांना काय सांगणार?"

"मशीन मणून सांगणार. देवेश सांगणार. मी तोंड मिटून बसणार." तो खाली बघत म्हणाला. "तनया, एक ऐक. उद्या कोलम पडलाच पाहिजे. सिंगापूरहून येणाऱ्या पाहुण्या बाईंनी कोलमच बघायला मागितलाय. नाही पडला तर देवेश माझ्या माडीवरच्या बाईंना काढून दुसरी कुणी तरुण मुलगी आणणार, त्याने मला तसं सांगून ठेवलंय. त्या बाईंना काढू देऊ नको. त्यांना तिथं येणं फार पाहिजे आहे."

कोण आहेत त्या, मी विचारलं. नाव सांगणार नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलंय, तो म्हणाला. मग मधूनच कोलम का घालत नाहीत, हे तरी त्यांना विचारलंस का? विचारलं होतं. 'आज नको' एवढंच त्या म्हणाल्या होत्या आणि त्यालाही पुढे विचारायचं धैर्य झालं नव्हतं.

मी संतापून घरी आले. महिनोन्‌महिने मी एका जिवंत बाईची बोटं, मान, गुडघे आकड्यांत वाचत होते आणि तिच्या नकळत वाचत होते. निदान तेव्हा मला तसं वाटलं. देवेशचा राग होताच, पण त्या बाईचं काय? कुणाची तरी आई, कुणाची तरी आजी, गॉगल लावून रिकाम्या खोलीत हवेतली डाळ निवडतेय आणि इकडे तिच्या जिवावर मशीन मिरवतंय. जेवताना मी हे शेषाद्रीला सांगणार होते, पण तो फोनवर होता. अम्मा वाढत होत्या. त्यांना काय सांगायचं, म्हणून मी गप्प जेवले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी ठरवून टाकलं. देवेशचं काय व्हायचं ते होवो, त्या बाईची जागा मी जाऊ देणार नाही. कोलम उद्या पडणारच. त्यांनी नाही घातला तर मी घालीन. वॉचमध्ये 'नाही'चं 'आहे' करायला एक टिचकी लागते.

सकाळी घरात कांदा नाही म्हणून नाश्त्याला उपमा नव्हता आणि शेषाद्री ओल्या पंचाने न्हाणीघर अडवून बसला होता, तीळ आणि पाणी घेऊन. वडिलांचं काहीतरी असतं त्याचं मधूनमधून. मी वैतागून इडली बांधून घेतली, चपला पायांत सरकवल्या आणि पळाले. दारात काय होतं, काय नव्हतं, हेही मला आठवत नाही.

पाहुण्या बाईंचं नाव त्रिपुरसुंदरी. सुती साडी, पांढरे केस, मूळच्या मायावरमच्या, अर्धं आयुष्य सिंगापुरात गेलेलं. त्यांना कॉफी दिली तर त्यांनी आधी वास घेतला आणि मगच प्यायल्या. मोठ्या पडद्यावर गेम लावला होता. देवेश पडद्याशेजारी उभा, वादिराज मागे भिंतीपाशी, आणि मी कोपऱ्यात लॅपटॉपवर वॉच उघडून.

अलमेलूचं दार उघडलं. ती बाहेर आली, पाणी शिंपडलं, झाडलं. पिठाची वाटी तिच्या उजव्या हाताला ठेवलेलीच होती. तिने वाटीकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं आणि वाटी न उचलता आत वळली.

देवेशने माझ्याकडे बघितलं. मी वॉचमध्ये कोलमवर टिचकी मारली. नाही, आहे. पडद्यावर उंबऱ्यासमोर क्षणात पुरा कोलम उमटला, ठिपके, वेटोळी, सगळं. देवेशने श्वास सोडला आणि बोलायला सुरुवात केली.

अलमेलू दारात थांबली. वळली. खाली बघितलं. मग डाव्या गुडघ्यावर हात टेकवत हळूहळू खाली बसली आणि ओल्या तळव्याने कोलम पुसून टाकला. माझ्या वॉचमध्ये 'आहे'चं 'नाही' झालं.

मला वाटलं, बाईंना कळलं नसेल. त्यांची जागा जातेय हे त्यांना कुठे माहीत आहे? मी पुन्हा टिचकी मारली. कोलम उमटला. तिने पुन्हा पुसला, या वेळी अजिबात न थांबता. मी तिसऱ्यांदा मारली. देवेशचं वाक्य अर्ध्यात लटकलं होतं. त्रिपुरसुंदरी खुर्चीत पुढे सरकून बसल्या होत्या.

तिसरा कोलम अलमेलूने पुसला, पण नंतर ती उठली नाही. तिने मान वर केली, थेट समोर, जणू पडद्यातून माझ्याच कोपऱ्याकडे. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी तिने उंबऱ्यावर दोनदा टकटक केली. आणि तळहात वर फिरवला.

मी खुर्चीतून अर्धी उठले आणि तशीच राहिले. ही टकटक जगात एकाच माणसाची आहे आणि ती जगात एकाच माणसासाठी आहे. मी मागे वादिराजकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. मग काही विचारायची गरजच उरली नाही. तांबरमचं भजन. भिंतीला टेकून बसणारी अलमेलू. कॉफीचा पेला. माझ्याच घरातली बाई महिनोन्‌महिने माझ्या लॅपटॉपवर होती आणि मी तिचे आकडे वाचत होते.

तेवढ्यात त्रिपुरसुंदरी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "इन्नैक्कि अमावासै."

आज अमावास्या. त्यांनी मग आम्हाला समजावून सांगितलं, हळू, शाळेतल्या बाईंसारखं. ज्या घरातला कर्ता माणूस गेलेला असतो तिथे मुलगा अमावास्येला वाडवडिलांना तिळाचं पाणी देतो, आणि त्या दिवशी दारात कोलम घालत नाहीत. त्यांच्या आईच्या घरीही नसायचा. वादिराजच्या तोंडाकडे बघून मला कळलं की हे त्याला ठाऊक होतं आणि तरी आठवलं नव्हतं. त्याचे वडील हयात आहेत, त्याच्या दारात अमावास्येलाही कोलम असतो. आणि माझ्याच घरी सकाळी शेषाद्री ओल्या पंचाने तीळ घेऊन बसला होता, ते मी अंघोळीची अडचण म्हणून बघितलं होतं.

देवेश मात्र एका क्षणात सावरला. त्याचे डोळे चमकायला लागले. तो म्हणाला की हेच तर आमच्या मशीनचं वैशिष्ट्य, ते आपलं आपण पंचांगसुद्धा शिकलं, आम्हालाही माहीत नव्हतं.

त्रिपुरसुंदरींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"कोलम घालत कोण होतं?"

"मी," मी म्हटलं.

"आणि पुसत कोण होतं?"

देवेश मधेच म्हणाला, मशीन. त्या म्हणाल्या, मी हिला विचारलंय.

मला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द, आणि मजला वाचला असता, माझी नोकरी, वादिराजची, सगळ्यांची. पण माझ्या सासूला माझ्यासमोर कुणी मशीन म्हणावं हे मला सहन झालं नाही. मी स्वतः घरात त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणते ते वेगळं.

"तांबरमला एक बाई बसल्यात," मी म्हटलं. "त्यांचं नाव महालक्ष्मी. त्या माझ्या सासूबाई आहेत."

पडद्यावर अलमेलू अजून उंबऱ्याशी बसलेली होती. तिला इकडचं ऐकू येत नव्हतं. त्रिपुरसुंदरी उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि तिच्याकडे पार जवळून बघत राहिल्या, आधी हातांकडे, मग चेहऱ्याकडे. मग देवेशला त्या इतकंच म्हणाल्या की आम्ही मशीन घ्यायला आलो होतो, आणि तुम्ही आम्हाला एक बाई विकत होतात, तिचं नावही न सांगता. पर्स घेऊन त्या निघून गेल्या. त्यांना लिफ्टपर्यंत पोचवायलाही कुणी उठलं नाही.

देवेश माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. तो ओरडला नाही. तो कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्याने गेम थांबवला.

वॉचमधले आकडे सगळे एकदम जागेवर गेले. मान सरळ, हात सरळ. पडद्यावर अलमेलू दारात ताठ उभी होती, पहिल्या दिवशी तिला बनवलं तेव्हा उभी केली होती तशी. डावा गुडघा बरोबर उजव्याइतकाच. मी त्या आकड्याकडे बघत बसले आणि मला रडू फुटलं, तिथेच, सगळ्यांसमोर.

घरी पोचले तेव्हा अम्मा माझ्या आधी आलेल्या होत्या. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. वादिराजने फोन करून सगळं सांगितलेलं दिसत होतं, कारण माझ्याकडे बघून त्यांनी बाजूचा पाट माझ्याकडे सरकवला. शेषाद्री अजून आला नव्हता. मी बसले. येताना गाडीत मी मनाशी खूप काही जुळवलं होतं. त्यातलं रागाचंच आधी बाहेर आलं. मी त्यांना विचारलं की मला सांगायचं नाही का, भजन म्हणून खोटं कशाला, मी तुम्हाला चिडवलं असतं का, अडवलं असतं का? माझ्या हातून केवढं काय झालं, तुम्हाला आज मी सगळ्यांसमोर तीन-तीनदा पुसायला लावलं, मला काय माहीत तिकडे तुम्ही आहात.

"मला माहीत होतं गे, इकडे तू आहेस मणून," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. कधीपासून, मी विचारलं. पहिल्यापासून, त्या म्हणाल्या. वादिराजने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथे तुम्ही हललात की तिकडे ऑफिसात तनया बघते, बोटसुद्धा हललं तरी बघते. त्यांनीच मग त्याला तुझं तोंड बंद ठेव म्हणून बजावलं. मला कळलं असतं तर मी लाजून बघायचं सोडलं असतं, अशी त्यांना भीती होती.

त्या शेंगेचा दोरा ओढत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरांत तू मला कधीं बघितलीस? तुझे मामंजी गेल्यावर कोणीच बघत नव्हतं. तिकडे तू दिवसभर बघायचीस. मणून जात होत्यें."

आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. राग असता तर मी भांडले असते, मला ते चांगलं जमतं. महिनोन्‌महिने ही बाई एक तास आधी घराबाहेर पडणाऱ्या सुनेच्या नजरेसमोर राहायला गाडी पकडून उलट्या दिशेला जात होती. आणि आजपासून तेही बंद, माझ्याच तोंडून. मी त्यांना सांगितलं की गेम बंद झाला, देवेशने थांबवला, आता तिकडे जायचं नाही. त्या म्हणाल्या, सेरी. म्हणजे ठीक आहे. शेंगांचं ताट घेऊन त्या उठायला लागल्या.

डावा गुडघा अर्ध्यावर थांबला. तळहात गुडघ्यावर टेकला. मी हा आकडा पाठ म्हणू शकले असते, किती वाकतो, कुठे अडतो, उठायला उजव्यापेक्षा किती वेळ जास्त घेतो. मी झटकन उठून त्यांच्या हातातलं ताट घेतलं आणि दंडाला धरलं. त्यांनी आश्चर्याने माझ्या हाताकडे बघितलं.

"अम्मा, हा गुडघा कधीपासून दुखतो?"

"तुझ्या लग्नांत पडल्यें ना, मांडवांत," त्या म्हणाल्या. "तू बाजूलाच होतीस."